हौशी हिवाळी अल्ट्रामॅरेथॉन कशी भरवावी

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते आणि त्याहून लांबची कोणतीही धाव अल्ट्रामॅरेथॉन म्हणून गणली जाते. पन्नास किलोमीटर हे त्यातले सर्वांत आवाक्यातले अंतर. तरीही अल्ट्रा म्हटले की भरमसाट प्रवेशशुल्क, छातीवरचा क्रमांक, पदक आणि डोंगरात तासन्‌तास एकटे धावणारी काटक माणसे असेच चित्र डोळ्यांसमोर येते, आणि सोसायटीच्या किंवा गावाच्या धावगटातली चांगल्या तयारीची माणसेसुद्धा हे आपले काम नव्हे असे समजून मागे राहतात. हा लेख अशा गटांसाठी आहे. एकमेकांना नावाने ओळखणारी वीस ते चाळीस माणसे, कोणाकडूनही शुल्क न घेता, हिवाळ्यातल्या एका रविवारी पन्नास किलोमीटरची धाव उत्तम रीतीने भरवू शकतात.

अशा धावेची परंपरा जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात जो ओक्स या धावपटूने नाताळ आणि नववर्षाच्या खाण्यापिण्यानंतर अंग मोकळे करण्यासाठी पन्नास मैलांची एक अनौपचारिक धाव सुरू केली. ‘फॅट अ‍ॅस’ या थट्टेखोर नावाने तो प्रकार पुढे अनेक देशांत पसरला आणि त्याचे नियमही तितकेच सुटसुटीत राहिले: शुल्क नाही, बक्षीस नाही, कुरकुर नाही. आपल्याकडच्या गटांनी यातली पहिली दोन कलमे जशीच्या तशी घ्यावीत. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. पस्तिसाव्या किलोमीटरला एखाद्याने कुरकुर केली, तर ती शांतपणे ऐकून घेणारा माणूस खाण्यापिण्याच्या टेबलापाशी हवाच, कारण पुष्कळदा त्या कुरकुरीतच काहीतरी बिघडल्याची पहिली खूण असते.

दिवस आणि वेळ

महाराष्ट्राच्या पठारी भागात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ सर्वांत योग्य ठरतो. तारीख ठरवताना मोठ्या शर्यतींकडे लक्ष द्यावे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन पूर्वापार डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आणि मुंबईची मॅरेथॉन सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होत आली आहे, आणि गटातले अर्धे लोक त्यांपैकी एकीची तयारी करत असतात. म्हणून डिसेंबरचा शेवटचा रविवार मला सर्वांत सोयीचा वाटतो. मुंबईला पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांना त्या दिवशी तीस किलोमीटर करून थांबता येते आणि त्यांचा शेवटचा लांब सराव सोबतीने पार पडतो.

आपल्या थंडीचा एक स्वभाव नियोजनात धरलाच पाहिजे. पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात पहाटे तापमान दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असते आणि दुपारी एक वाजता तेच २८ ते ३० अंशांवर गेलेले असते. म्हणजे एकाच धावेत थंडी आणि ऊन या दोन्हींची व्यवस्था करावी लागते. मुंबई आणि कोकणात पहाटेही हवा दमट असते, त्यामुळे तिथे सुरुवात आणखी लवकर करावी. पठारावर पहाटे साडेपाचची सुरुवात चांगली. सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तोवर दीड तास डोक्याला बांधायच्या बॅटरीवर धावता येते आणि ऊन तापेपर्यंत बहुतेकांचे निम्म्याहून अधिक अंतर मागे पडलेले असते.

वेळेची मर्यादा दहा तासांची ठेवावी. पन्नास किलोमीटर दहा तासांत म्हणजे ताशी पाच किलोमीटर, हा झपझप चालण्याचाच वेग आहे. खाण्यापिण्याला आणि थांबण्याला लागणारा वेळ धरला, तरी चाल आणि हलकी धाव आलटून पालटून करणारा माणूस या मर्यादेत बसतो. मर्यादा आठ तासांवर आणली की धाव फक्त पट्टीच्या धावपटूंची होते आणि ती सगळ्यांसाठी भरवण्याला काही अर्थ उरत नाही.

फेरीचा मार्ग

सगळ्या नियोजनाचा कणा म्हणजे फेरी. पन्नास किलोमीटरचा एकच लांब मार्ग आखला, तर पाच-सहा ठिकाणी पाणी ठेवावे लागते, तितक्या ठिकाणी माणसे बसवावी लागतात आणि शेवटचा माणूस नेमका कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. त्याऐवजी पाच किलोमीटरची एक फेरी आणि अशा दहा फेऱ्या ठेवल्या, की एकच टेबल पुरते, प्रत्येकाची पिशवी तिथेच राहते, दर चाळीस-पन्नास मिनिटांनी प्रत्येक चेहरा समोरून जातो आणि ज्याला थांबायचे आहे तो आपल्या सामानापाशीच थांबतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेगवान आणि सावकाश धावणारे दिवसभर एकाच वाटेवर राहतात, एकमेकांना ओलांडतात आणि हाक मारतात. एक फेरी करणाऱ्या शाळकरी मुलाला आणि चार फेऱ्या चालणाऱ्या सत्तरीच्या काकांनाही तीच वाट आणि तेच टेबल मिळते. त्यामुळे नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे फेऱ्यांची संख्या लिहावी, आणि चार फेऱ्या करून थांबलेल्याला अपूर्ण असा शेरा कधीही देऊ नये.

मार्ग निवडताना रहदारी, सावली आणि पायाखालची जमीन एवढे आधी पाहावे. कालव्याकाठचा कच्चा रस्ता, विद्यापीठ किंवा महाविद्यालयाचा परिसर, तळ्याभोवतीची वाट, गावाबाहेरचा शेतरस्ता हे सगळे चालते. अखंड डांबरापेक्षा निम्मी तरी मातीची वाट असली, तर पाय आणि गुडघे दुपारनंतर कमी बोलतात. पश्चिम महाराष्ट्रात हा उसाच्या गाळपाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर आणि पहाटे कारखान्याकडे जात असतात, त्यांच्या मागे दिवा किंवा परावर्तक असेलच याची खात्री नसते, आणि चालकाला पुढे धावणारा माणूस उशिरा दिसतो. असा रस्ता कितीही सुंदर असला तरी अंधारात वापरू नये. जुन्नर आणि आसपासच्या भागात उसात बिबट्यांचा वावर असतो, म्हणून तिथे अंधारातल्या फेऱ्या वगळून उजाडल्यावरच सुरुवात करावी.

फेरी मोजण्यासाठी मनगटी घड्याळाच्या जीपीएसवर पूर्ण विसंबू नये, कारण झाडीत आणि वळणांवर ते थोडे चुकते. तीन-चार जणांनी आपापल्या घड्याळांनी दोनदा मोजावे आणि सरासरी घ्यावी. हौशी धावेला एवढे पुरे. चुकायचेच असेल तर फेरी थोडी लांब निघालेली बरी, कारण ४९.६ किलोमीटर भरले असे संध्याकाळी कळल्यावर पहिल्यांदा अल्ट्रा करणाऱ्याला फार वाईट वाटते. वळणांवर आदल्या संध्याकाळी फक्कीने ठळक बाण काढावेत आणि अंधारातल्या वळणांवर परावर्तक पट्टी लावावी. पाच फेऱ्यांनंतर दिशा उलटी करण्याची पद्धत मला फार आवडते. रस्त्याच्या उताराचा ताण एकाच पायावर राहत नाही, आणि तो बदल होत असताना पुढची-मागची मंडळी समोरासमोर येतात.

ज्या गटांना थोडी चुरस हवी आहे, त्यांनी बॅकयार्ड अल्ट्राचा ढाचा घ्यावा. अमेरिकेत टेनेसी राज्यात गॅरी कँट्रेल यांनी रूढ केलेल्या या प्रकारात दर तासाच्या ठोक्याला सर्वांनी एकत्र निघून ६.७०६ किलोमीटरची फेरी तासाच्या आत पूर्ण करायची असते. हे अंतर असे ठरवले आहे की चोवीस तासांत बरोबर शंभर मैल होतात. मूळ प्रकारात एकच माणूस उरेपर्यंत फेऱ्या चालू राहतात. हौशी गटाने मात्र आठ फेऱ्यांवर थांबावे, म्हणजे ५३.६ किलोमीटर होतात आणि सातव्या फेरीतच मॅरेथॉनचे अंतर ओलांडले जाते. या ढाच्यात प्रत्येक तासाला सगळे पुन्हा एका रेषेवर येतात, हे त्याचे खरे वैभव आहे. फक्त तासाच्या आत न पोहोचणाऱ्यालाही, क्रमवारीबाहेर, चालत राहायची मोकळीक ठेवावी.

परवानगी आणि जबाबदारी

धाव छोटी असली तरी गुपचूप भरवू नये. सार्वजनिक रस्ता असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत तारीख, वेळ, मार्ग आणि अंदाजे संख्या लिहून पत्र द्यावे व पोच घ्यावी. वनखात्याच्या हद्दीत किंवा संरक्षित किल्ल्यावर लेखी परवानगीशिवाय धाव ठेवू नये. मार्गात वस्ती असेल तर आठवडाभर आधी जाऊन घरोघरी सांगून यावे. पहाटे पावलांच्या आवाजाने कुत्री भुंकतात, लोकांची झोपमोड होते, आणि आधी कल्पना असलेली हीच माणसे त्या दिवशी पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी राहतात.

शुल्क घेऊ नये हे मी आग्रहाने सांगतो. पैसे घेतले की धावणारा ग्राहक होतो आणि भरवणारा विक्रेता होतो. जेवणाचा आणि पाण्याचा खर्च वर्गणीतून भागवावा किंवा जिन्नस वाटून घ्यावेत: कोणी केळी, कोणी लिंबे, कोणी पाण्याचे जार. प्रत्येकाकडून एक पानी नोंद मात्र घ्यावी. त्यात नाव, वय, रक्तगट, घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक, चालू औषधे आणि जुना आजार एवढे असावे. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, अथवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या माणसाने डॉक्टरांना दाखवूनच उतरावे, आणि हे सांगताना भिडस्तपणा करू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा रस्ता माहीत असलेला चालक आणि त्याची गाडी शेवटपर्यंत जागेवर हवी.

तयारी

ज्यांना एकवीस किलोमीटर आरामात धावता येते, त्यांना पन्नासच्या तयारीला साधारण साडेतीन महिने पुरतात, म्हणजे गणपती उठल्यावर सुरुवात केली तरी वेळ मिळतो. आठवड्यातून चार दिवस धावावे. त्यातली एक धाव लांब ठेवावी आणि ती दोन आठवडे वाढवून तिसऱ्या आठवड्यात कमी करावी. दिवाळीनंतर शनिवारी वीस आणि रविवारी पंधरा अशी जोडधाव दोन-तीनदा करावी, कारण थकलेल्या पायांवर धावण्याचा अनुभव त्यातूनच मिळतो. सर्वांत लांब धाव ३२ ते ३५ किलोमीटरची असावी आणि ती मुख्य दिवसाच्या तीन आठवडे आधी संपवावी. त्यानंतर अंतर उतरवत न्यावे. शेवटच्या पंधरवड्यात जास्तीची मेहनत केल्याने काहीही मिळत नाही.

चालण्याचा सराव बहुतेक जण करतच नाहीत. पन्नास किलोमीटरमध्ये जवळजवळ प्रत्येक जण चालतो, तेव्हा सरावातही पंचवीस मिनिटे धाव आणि पाच मिनिटे झपाट्याने चाल असा ठेका बसवावा आणि तो मुख्य दिवशी पहिल्या फेरीपासून पाळावा. थकल्यावर चालायचे असे ठरवले, तर तोवर पाय जड झालेले असतात आणि ते चालणे रखडत होते.

टेबल

या धावेचे यश टेबलावर ठरते, म्हणून इथे थोडे रेंगाळणे भाग आहे. तीस माणसे आठ तास आणि दर माणशी तासाला सुमारे अर्धा लिटर असा हिशेब धरला तर १२० लिटर पाणी होते. उन्हासाठी, हातपाय धुण्यासाठी आणि डोक्यावर ओतण्यासाठी आणखी साठ लिटर धरावे, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार. केळी माणशी चार म्हणजे दहा डझन. उकडलेले बटाटे पाच किलो, सोलून, मोठ्या फोडी करून, वर मीठ भुरभुरलेले. त्याखेरीज गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, संत्र्याच्या फोडी, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी आणि ताक ठेवावे. अकरानंतर गोड नकोसे होते आणि त्या वेळी मऊ दहीभात किंवा मीठ घातलेली पातळ पेज जी काम करते ते धावपटूंसाठीचे कोणतेही महागडे एनर्जी जेल करत नाही, असे माझे ठाम मत आहे. कागदी पेले आणू नयेत. प्रत्येकाने आपला पेला आणावा आणि त्यावर नाव लिहावे.

शरीराला अशा लांब धावेत तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात, तेव्हा दर फेरीला एक केळे किंवा तितकाच दुसरा खाऊ आणि सोबत गोड सरबत हा सोपा नेम ठरतो. ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी. अर्ध्या पेल्यात ओतून पिऊ नये, त्याने पोट बिघडते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी सतत पाणी पीत राहिले की रक्तातले सोडियम पातळ होते, डोके दुखते, मळमळते, बोटांवरची अंगठी घट्ट होते आणि वेळीच लक्ष दिले नाही तर जिवावर बेतते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या धावताना घेऊ नयेत, त्यांचा आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर भार पडतो. टेबलावर त्या ठेवूच नयेत.

टेबलापाशी बसणारी माणसे धावणाऱ्यांइतकीच काळजीपूर्वक निवडावीत. सातव्या-आठव्या फेरीला आलेला माणूस थकलेला असतो आणि ‘काही हवंय का?’ असे विचारले की हमखास ‘नको’ म्हणून पुढे निघतो. म्हणून मोघम प्रश्न विचारू नये. ‘दादा, आधी हा बटाटा खा, मग जा’ असे म्हणून फोड सरळ हातात द्यावी. ‘काकू, लघवी शेवटची कधी झाली, रंग कसा होता?’ हे न लाजता विचारावे. उत्तर देताना शब्द अडखळत असतील, नजर स्थिर नसेल, उन्हातही अंगावर काटा असेल किंवा छातीत दुखत असेल, तर त्या माणसाची धाव तिथेच थांबवण्याचा अधिकार टेबलप्रमुखाला असावा आणि हा अधिकार सुरुवातीलाच सर्वांसमोर जाहीर करावा. टेबलावर व्हॅसलिन, चिकटपट्टी, निर्जंतुक सुई, स्वच्छ मोजे आणि जुनी चादर असावी. पहाटे घामाने भिजलेला माणूस पाच मिनिटे थांबला तरी कुडकुडतो, तेव्हा चादर आणि गरम चहा उपयोगी पडतो.

मोजणी आणि मौज

फेऱ्या मोजण्यासाठी एक वही आणि एक वाडगा पुरतो. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे टेबलावरचा माणूस रेघ मारतो. सोबत वाडग्यात चिंचोके ठेवावेत. प्रत्येकाच्या नावाची एक कागदी पुडी टेबलावर मांडावी आणि दर फेरीला धावणाऱ्याने स्वतः एक चिंचोका आपल्या पुडीत टाकावा. थकलेल्या डोक्याला सातवी झाली की आठवी हे आठवत नाही, आणि वही आणि पुडी जुळली की वाद राहत नाही. त्याशिवाय आपल्या पुडीतले चिंचोके वाढताना पाहणे लहान मुलांइतकेच मोठ्यांनाही आवडते.

गंमत मुद्दाम पेरावी, पण ती धावण्याच्या आड येऊ नये. पाचवी फेरी फेटा बांधून, सातवी फेरी कोणातरी नव्या माणसाबरोबर गप्पा मारत, शेवटची फेरी सगळ्या थांबलेल्यांनी मिळून शेवटच्या धावणाऱ्यासोबत चालत, अशा साध्या प्रथा ठेवाव्यात. यातली शेवटची मी कधीही वगळू देणार नाही. पहिला येणारा तसा खूशच असतो. नऊ तासांनंतर एकटा उन्हात चालणारा मात्र सोबतीला आसुसलेला असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पंधरा माणसे चालू लागली की त्याची चाल बदलते. बक्षीस म्हणून सर्वांना एकच वस्तू द्यावी: तिळाचा लाडू, किंवा एखाद्या मातीच्या कुंडीतले रोप.

धाव शेतापाशी संपवता आली तर सोन्याहून पिवळे, कारण हे दिवस हुरड्याचे आहेत. आगटीत भाजलेली कणसे, हातावर चोळून काढलेले गरम कोवळे दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ असा बेत सोलापूर, नगर आणि मराठवाड्यातल्या गटांना सहज जमतो. मात्र हुरडा पोटाला जड पडतो, म्हणून धावून आलेल्याने आधी ताक किंवा सरबत घ्यावे, कोरडे कपडे घालावेत, अर्धा तास सावलीत चालावे-बसावे आणि मगच पंगतीला यावे. इतरत्र पिठले, भाकरी आणि भात उत्तम.

आवराआवर त्याच दिवशी करावी. वळणांवरच्या पट्ट्या आणि कचरा शेवटच्या फेरीतच गोळा करत यावे, वर्गणीचा हिशेब पंगत उठण्यापूर्वी वाचून दाखवावा आणि काय उरले, काय कमी पडले हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी केळ्यांचा आणि पाण्याचा अंदाज नव्याने बांधावा लागत नाही. घरी निघताना एका गोष्टीवर टेबलप्रमुखाने अडून बसावे. आठ-दहा तास धावलेल्या माणसाच्या पोटऱ्यांत अचानक गोळे येतात आणि जेवणानंतर डोळे मिटू लागतात, म्हणून पन्नास किलोमीटर केलेल्या कोणालाही दुचाकीची किंवा गाडीची किल्ली देऊ नये. कोण कोणाला घरी सोडणार आहे हे आदल्या दिवशीच वहीत नावानिशी लिहावे आणि त्या चालकांनी त्या दिवशी दोनपेक्षा जास्त फेऱ्या करू नयेत.